अमरची बंडी

माणूस दारात येण्याआधी त्याचे पाय बोलतात, असं नानाजी गावंडे म्हणत. पाहुण्याचे पाय घाईचे असतात, मागायला आलेल्याचे पाय ओढत येतात आणि चोराचे पाय मुळी बोलतच नाहीत. त्या दुपारी फाटकातून आत आलेल्या माणसाचे पाय बोलले नाहीत.

नानाजी ओसरीत कापसाच्या ढिगाशी बसून कवडी, म्हणजे किडकी-डागाळलेली बोंडं, वेगळी काढत होते. मान वर केली तेव्हा माणूस अंगणाच्या मधोमध उभा. फाटकाची कडी वाजली नाही. बाकी सगळं सोडा, फाटकाशी लोळणारं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पोस्टमनवर रोज भुंकणारं, सरपंचावर भुंकणारं, नानाजींच्या सख्ख्या मेहुण्यावर भुंकणारं कुत्रं या परक्या माणसामागे शेपूट हलवत चालत आलं होतं.

माणूस तिशीतला. डोक्याचे केस इतके बारीक की टाळू दिसावी. पाठीवर हिरवट पिशवी. अंगात साधा सदरा, पण असा खोचलेला की एक चुणी नाही. दारव्ह्याहून येणाऱ्या जीपमध्ये माणसावर माणूस बसतो. त्यातून उतरलेल्या माणसाच्या सदऱ्याला चुणी नसावी, हेही नानाजींना खटकलं.

"नमस्ते पिताजी. नानाजी गावंडे आप ही हैं?"

"व्हय. तुमी कोण?"

"मैं इंद्रजित. अमर का बडी हूँ."

नानाजींचे कान थ्रेशरच्या धडधडाटानं अर्धे गेलेले. त्यांनी ऐकलं ते असं, की अमरची बंडी. आणि त्यांची नजर आपोआप गोठ्याच्या छपराकडे गेली. तिथं बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती. अमर फौजेत भरती झाल्यावर पहिल्या सुटीला आला, तेव्हा घाटंजीच्या सुताराकडून त्यानं ती करवून घेतली होती. हिरव्या फळ्या, लाल कडा, आणि मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'अमर'. साऱ्या बोरखडी गावात तिला अमरची बंडीच म्हणत. शेजारचा रामधन गुरांच्या बाजारात दलाली करायचा. तो दिवाळीच्या आधीपासून मागे लागला होता, "नाना, आता सगळं ट्रॅक्टरनं होते. बंडी कायले ठेवता? बैल कायले पोसता? गिऱ्हाईक आणू काय?" नानाजींनी दोनदा नाही म्हटलं होतं. तर हा गडी आता गिऱ्हाईक घरीच घेऊन आला म्हणायचा!

"बंडी इकाची नाई," नानाजी म्हणाले.

"जी?"

पाहुण्याला आपली बोली समजली नसावी असं वाटून नानाजींनी आपली हिंदी काढली. "बंडी बेचनेका नहीं है. किसने भेजा तुमको?"

माणूस चमकला. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. "बडी को कौन बेचता है, पिताजी!"

"मंग? तेच तर मी म्हणतो! मंग आले कायले?"

"मिलने आया हूँ."

"बंडीले भेटाले?"

"आपसे. माताजी से. अमर ने कहा था."

आतून विमलताई बाहेर आल्या त्या हाताला पीठ तसंच ठेवून. मुलाचं नाव उंबऱ्याच्या बाहेर कोणी घेतलं की त्या घरात कुठंही असल्या तरी त्यांना ऐकू जाई. "माहा अमर? तुमी पाह्यला त्याले? कसा हाये?"

"ठीक है, माताजी."

"कुठी हाये?"

माणूस गप्प. नुसता गप्प नाही. दार लावून घ्यावं तसा गप्प.

इथं सांगायला हवं की पोळ्याच्या दिवशी अमरचा फोन आला होता, त्यानंतर आला नव्हता. पोळ्याला त्यानं बैलांना पुरणाची पोळी चारली का विचारलं, आईला औषध घेते का विचारलं, आणि म्हणाला, "आता काही दिवस फोन लागणार नाई, बाबा. कायजी नका करू." तेव्हापासून सोयाबीन निघालं, कापसाचा दुसरा वेचा आला, तूर फुलावर आली, पण फोन काही आला नाही. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की विमलताई टीव्ही बंद करत आणि नानाजी पुन्हा लावत. म्हातारा-म्हातारी एकमेकांशी त्याबद्दल बोलत नसत. बोललं की खरं होतं, असं दोघांनाही वाटे.

आणखी एक गोष्ट. होळीच्या सुटीत अमर बापाला शेतात घेऊन गेला होता आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवून म्हणाला होता, "बाबा, कोणी आपला म्हणत घरी आला, माहा दोस्त म्हणत आला, साहेब म्हणत आला, तरी मी कुठी हावो ते सांगाचं नाई. लोक असेच माणसं पाठवतात. गोड बोलतात अन् घरच्या म्हाताऱ्यायच्या तोंडून काढून घेतात." एवढं सांगून झाल्यावर बापाचा जीव राहीना म्हणून त्यानं एकच नाव सांगितलं होतं. एका ठिकाणाचं. नानाजींनी ते नाव विमलताईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. पोटात दगड ठेवावा तसं ठेवलं होतं.

आणि आज तसाच माणूस अंगणात उभा होता. दोस्त म्हणत आलेला, आणि गोड बोलणारा.

"बसा," नानाजी म्हणाले. शत्रूलासुद्धा बसा म्हणावं लागतं.

विमलताईंनी बाजेवर चादर टाकली. माणूस बाजेवर बसला नाही. त्यानं बूट काढले, दोन्ही जोडून, टोकं फाटकाकडे करून ठेवले, आणि भिंतीला पाठ लावून खाली असा बसला की फाटक, गोठा आणि मागचं दार तिन्ही त्याच्या नजरेत राहावं. नानाजींनी ते बरोबर टिपलं. घरात शिरल्या शिरल्या ज्याला पळायची वाट लागते, तो कोणत्या जातीचा पाहुणा?

"गाँव में आने का एक ही रास्ता है?" त्यानं पाणी पिऊन विचारलं.

"काहून?"

"ऐसे ही. आदत है."

रस्ते विचारायची आदत! नानाजींच्या डोक्यात दुसरं चक्र सुरू झालं. फुलसावंगीकडे मागल्या महिन्यात बैलजोड्या चोरीला गेल्या होत्या म्हणे. आधी एक सभ्य माणूस येतो, पाणी मागतो, गोठा पाहून जातो, आणि मागून गाडी येते.

तेवढ्यात तो उठला आणि खरंच गोठ्याकडे निघाला.

"ओ! तिकडे नका जाऊ. चांद्या मारते!"

हे काही खोटं नव्हतं. जोडीतला मोऱ्या गरीब, पण चांद्या परक्याला शिंगावर घ्यायचा. रामधनच्या मांडीवर त्याची खूण होती. पण हा माणूस डाव्या अंगानं गेला, चांद्याच्या नजरेसमोर आधी हात नेला, मग गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी खाजवायला लागला. आणि बैलाशी बोलला.

"कायले रुसला बे?"

विमलताईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. बोल परक्या माणसाचे, पण हेल अमरचा. अगदी अमरचा. चांद्यानं मान लांब केली आणि डोळे मिटले.

"पाह्यलं काय तुमी?" विमलताई कुजबुजल्या. "त्यालेच माहीत हाये हे. अमरनंच सांगतलं असन."

"पोपटालेही शिकवता येते," नानाजी म्हणाले. "चांद्या डावीकडून हात लावू देते हे ज्याले माहीत, त्याले चोरून न्यायला किती वेळ लागन?"

"तुमाले काय, देव आला तरी आधार कार्ड मागान."

"देवानं दाखवलं तर बरंच हाये."

रामधन कुठं काही शिजत असलं की वासानं येई, तसा आला. कमरेवर हात ठेवून त्यानं पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नानाजींनी त्याला बाजूला ओढलं. "तूच पाठवला ना बे हा? बंडीसाठी?"

"मी? नाना, माह्या आजोळाची शपथ. माहं गिऱ्हाईक उमरखेडचं हाये, ते बुटकं हाये अन् पान खाते. हा कोण?"

"फौजी म्हणते. अमरची बंडी म्हणत आला."

"फौजी?" रामधनचे डोळे चमकले. तो पाहुण्यासमोर जाऊन उभा राहिला. "भाईसाब, कार्ड दिखाओ."

इंद्रजितनं एकदा नानाजींकडे पाहिलं. मग खिशातून कार्ड काढून नानाजींच्या डोळ्यांसमोर धरलं. नानाजींनी हात पुढे केला, पण त्यानं कार्ड सोडलं नाही. चष्म्याविना नानाजींना नुसता चौकोन आणि एक तोंड दिसलं. रामधननं मोबाइल काढून फोटो घ्यायला वर केला, तसं कार्ड खिशात गेलं.

"फोटो नहीं."

"काहून नाई? खरं असन तर भेव कायचं?"

"फोटो नहीं," तो पुन्हा म्हणाला. आवाज वाढला नाही, पण रामधनचा मोबाइल आपोआप खाली आला.

"बरं, अमरसोबतचा तुमचा फोटो तर असन?" नानाजींनी विचारलं. "मोबाइलमध्ये?"

इंद्रजितनं बटणांचा जुना फोन काढून दाखवला. त्यात फोटो ठेवायची सोयच नव्हती. रामधन नानाजींच्या कानाशी लागला. "नाना, आजच्या काळात असा फोन कोण ठेवते? चोर ठेवते. पोलिसाले सापडू नाई म्हून. असे कार्ड तर यवतमाळात कोपऱ्या-कोपऱ्यावर बनवून देतात."

विमलताईंनी ताट वाढून आणलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. चोर असो का कोणी असो, मुलाचं नाव घेऊन आलेला माणूस पाण्यावर परत जाऊ देणं त्यांना जमणारं नव्हतं. इंद्रजितनं ताटाला हात जोडले, पण घास काही घेतला नाही. "पहले आप लोग."

"तुमी पाहुणे. पाहुण्यानं आधी जेवाचं असते," विमलताई म्हणाल्या.

"नहीं माताजी. पहले घर के लोग खा लें. मैं बाद में."

रामधननं डोळे मोठे केले. "पाह्य! आपल्याले आधी खाऊन पाहाले लावते. त्याले वाटते आपण जहर घातलं. जो दुसऱ्याले फसवाले येते ना नाना, त्यालेच असा शक येते."

ताट तसंच राहिलं. भाकर वाळायला लागली. नानाजी उठले, गोठ्यात गेले, दोन्ही बैलांच्या दाव्यांना साखळी लावली, साखळीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. हे सगळं त्यांनी पाहुण्याला दिसेल असं केलं. मग देवसिंगला फोन लावला.

देवसिंग राठोड हा तांड्यावरचा. फौजेतून हवालदार होऊन आलेला, आता चार एकरात कापूस लावणारा. तांडा गावापासून हाकेवर. "देवसिंग, असशील तसा ये," नानाजी एवढंच म्हणाले. "एक माणूस हाये. खरा का खोटा, तूच सांगू शकतं."

देवसिंग येईपर्यंत बसून राहणं नानाजींच्यानं झालं नाही. त्यांच्या पोटातला दगड हलायला लागला होता. त्यांना वाटलं, एक कसोटी आपल्यापाशी आहे. हा खरंच अमरजवळून आला असेल, तर त्याला ते ठिकाण माहीत असणारच. त्यानं ते नाव घेतलं की संपलं. मग त्याच्यासमोर ताट काय, जीव ठेवू.

ते इंद्रजितच्या पुढ्यात उकिडवे बसले.

"सांगा. अमर कुठी हाये?"

"पिताजी, वो मैं नहीं बता सकता."

"मी बाप हावो त्याचा."

"जानता हूँ."

"कानात सांगा. फक्त माह्या कानात."

इंद्रजितनं मान हलवली. नाही.

"त्याले मालूमच नाई," रामधन मागून म्हणाला. "मालूम असन तर सांगन ना!"

तीन महिन्यांचं सगळं नानाजींच्या मनात एकदम वर आलं. कापूस, तूर, बंद केलेला टीव्ही, पुन्हा लावलेला टीव्ही. "मालूम नाई तुमाले! मले मालूम हाये. मले सांगतलं त्यानं. नाव सांगतलं. मी नाव घेतो, तुमी नुसती मान हलवा. व्हय का नाई, एवढंच सांगा. तो तिकडे, त्या..."

"पिताजी, बस."

इंद्रजितचा तळवा नानाजींच्या तोंडाला लागला नाही, पण वीतभर अंतरावर येऊन थांबला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा गेला होता आणि तिथं राग होता. त्यानं रामधनकडे पाहिलं, रामधनच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाला, "वो नाम मत लीजिए. किसी के सामने मत लीजिए. मेरे सामने भी नहीं. आप मुझे जानते नहीं हैं."

उकिडवे बसलेले नानाजी खाली टेकले.

"तुही ओळख कशी पटवू मंग?" ते म्हणाले. अहो-जाहो कधी सुटलं ते त्यांनाही कळलं नाही.

"मत पहचानिए. शक कीजिए. अमर ने यही सिखाया है ना?"

फाटकाशी सायकल टेकवल्याचा आवाज झाला. देवसिंग राठोड आत आला. पांढऱ्या मिशा, मळकं धोतर, पण चाल सरळ. त्यानं आधी बाहेर टोकं करून ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाकडे. मग हात न लागलेल्या ताटाकडे. इंद्रजित उठून उभा राहिला होता. दोघं एकमेकांशी हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलले. पलटणीचं नाव देवसिंगनं विचारलं, त्यानं सांगितलं. देवसिंगनं चष्मा लावून कार्ड पाहिलं आणि कार्डाला हात न लावता मान डोलावली.

"विचार ना, कुठून आला ते," रामधन म्हणाला.

"नाई विचारत."

"काहून?"

"मी विचारलं तर त्याले खोटं बोला लागन, नाई तर मले नाई म्हणा लागन. दोन्ही वंगाळ. कायले त्याले पेचात पाडू?" देवसिंग ओसरीच्या कडेवर बसला. "नाना, तू काय विचारलं याले?"

नानाजींनी सगळं सांगितलं. बंडीपासून ते नावापर्यंत. देवसिंग शांतपणे ऐकत होता. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. मग त्याचे खांदे.

"हासते कायले बे?"

"बंडी नाई रे नाना! बडी! हा म्हणून राह्यला, मी अमरचा बडी हावो."

"तेच तर. बडी म्हणजे काय?"

देवसिंगनं इकडे-तिकडे पाहिलं. समजावून सांगायला शब्द सापडेना, म्हणून त्यानं गोठ्याकडे बोट केलं. "मोऱ्याचा बडी कोण? चांद्या. फौजेत कोणीच एकटा नसते. दोघा-दोघायची जोडी लावून देतात. एक झोपला की दुसरा जागा. एक पाणी पेते तवा दुसरा पाहाऱ्यावर. एकाले गोळी लागली तर दुसरा त्याले पाठीवर घेऊन येते, मेला तरी आणते. टाकून येत नाई. तो बडी. अन् ताटाचं म्हणशील, तर ज्याच्या हाती माणसं हायेत तो सगळ्यायच्या मागून जेवते. सवय लागते. मी घरी आलो तवा माही बायको दोन वर्षं भांडली, म्हणे माह्या हातचं गोड लागत नाई काय."

नानाजी हळूच म्हणाले, "बडी को कौन बेचता है..."

"काय?"

"त्यानं आल्या आल्या सांगतलं होतं मले. मले वाटलं, बंडीचंच बोलते."

इंद्रजितला आता कुठं उलगडा झाला. त्यानं छपराखालच्या बंडीकडे पाहिलं, फळीवरचं नाव वाचलं, आणि पहिल्यांदा मोकळा हसला. रामधनसुद्धा हसला. नानाजींनाही हसू यायला लागलं होतं. सगळं एकदाचं सुटलं, असं वाटलं.

हसल्या नाहीत त्या फक्त विमलताई. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"देवसिंगभाऊ," त्या म्हणाल्या, "जोडीतला एक बैल एकटाच घरी आला, तर आपण काय समजतो?"

गावात सगळ्यांना आठवत होतं. नाल्याला पूर आला त्या वर्षी नानाजींचा जुना बैल मोडकं जू ओढत एकटाच परत आला होता, आणि माणसं कंदील घेऊन धावली होती. त्याचा जोडीदार गाळात मिळाला होता.

दुपारभर नानाजी या माणसाला चोर म्हणत होते, हेर म्हणत होते, आणि आता त्यांना कळलं की ते किती सुखात होते. तो चोर होता तोवर अमर धड होता. खोट्या माणसाची खबर खोटी. पण हा खरा निघाला. खरा माणूस, खरी पलटण, खरा जोडीदार, आणि आला एकटाच. "ठीक है" म्हणाला. पण ठीक आहे तर फौजेत सगळेच म्हणतात. कोणाच्या दारात उभं राहून, पाणी प्यायच्या आत, कोण दुसरं काही सांगेल?

त्यांनी इंद्रजितकडे पाहिलं. कुठं आहे, विचारायचं नाही. काय करतो, विचारायचं नाही. मग बापानं विचारायचं तरी काय? नानाजींनी आयुष्यभर बैल पाळले होते. ते उठून गोठ्यात गेले, खुंटीवरचं जू काढून आणलं आणि पाहुण्याच्या समोर ठेवलं.

"हे समजते तुले?"

"जू. अमर ने बताया है."

"तुमच्या दोघायच्या खांद्यावर एकच जू हाये ना?"

"है, पिताजी."

"मंग एवढंच सांग." नानाजी जुवाशी खाली बसले. "त्याचा खांदा कसा हाये? खांदेसूज तर नाई? कातडं तर नाई गेलं? बसून तर नाई घेतलं त्यानं?"

तो प्रश्न इंद्रजितनं मनात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यात काही सांडतं का, ते पाहिलं. मग जुवावर हात ठेवला.

"दोनों कंधे साबुत हैं. मेरा आपके सामने है. उसका मैं अपनी आँख से देखकर चला हूँ. फोन का हुक्म नहीं है, बस. जिसकी छुट्टी पहले आए, वो पहले दूसरे के घर जाएगा, फिर अपने घर. ये हमारा तय है. मेरी पहले आ गई."

"तुमचं घर कुठी?" विमलताईंनी विचारलं.

"हिमाचल में, माताजी."

"म्हणजे अजून गेलेच नाई घरी? तुमची माय वाट पाहत असन ना?"

"वो भी शक करती होगी," तो म्हणाला, "कि कहाँ रह गया."

विमलताईंनी पदर डोळ्याला लावला. पण नानाजींचं समाधान झालं नव्हतं. संशय असा एका दुपारीत जात नाही. "तू इकडे आला," ते म्हणाले. "मंग आता त्याच्या जोडीले कोण हाये? एकटा तर नाई ठेवला?"

"नहीं, नहीं. दूसरा है, जब तक मैं लौटूँ. अच्छा लड़का है. सोता बहुत है. अमर परेशान है."

"अमर?" विमलताई पदराआडून एकदम म्हणाल्या. "अमर झोपेवरून कटाळला? त्याले तर मी लोटाभर पाणी टाकून उठवो!"

मग मात्र सगळेच हसले, आणि त्या हसण्यात विमलताईंनी रडून घेतलं. असली गोष्ट कोणी बनवून सांगत नाही. मेलेल्या माणसाबद्दल तर नाहीच नाही.

ताट परत आत गेलं. नवीन भाकरी थापायला पीठ मळलं गेलं. देवसिंगला जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावण्यात आलं. रामधनला कोणी काही बजावलं नाही, तरी तो बसूनच होता.

"मंग नाना," तो घसा साफ करून म्हणाला, "बंडीचं काय ठरलं? उमरखेडवाला परवा येतो म्हणत होता."

नानाजींनी फळीवरच्या नावाकडे पाहिलं. "त्याले सांग," ते आपल्या हिंदीत म्हणाले, "बंडी को कौन बेचता है."

ऊन उतरलं होतं. ही बैलांच्या पाण्याची वेळ. नानाजींनी करदोट्याची गाठ सोडली, किल्ली काढली आणि इंद्रजितपुढे धरली. "जाय. बैलायले पाणी दाखव. डोणी भरून हाये."

इंद्रजितनं किल्ली घेतली. दोन पावलं गेला असेल, तोच नानाजींनी हाक मारली. कपाळाला आठी होतीच.

"थांब जरा. कुत्रं काहून नाई भुंकलं?"

इंद्रजित वळला. जरा लाजला. "अमर ने कहा था, फाटक पर पहले उसको बिस्कुट देना. आधा अभी जेब में है."

कुत्रं त्या खिशाकडे पाहत त्याच्या मागोमाग गोठ्यात गेलं. कुलूप उघडल्याचा आवाज आला, साखळी पडल्याचा आला. नानाजी खाली बसले आणि पुन्हा कवडी वेचायला लागले. पण कान गोठ्याकडेच होते.